मुलांच्या हातात कोरा कागद द्या

आज लांब लिहिणार आहे आणि थोडं कडकही. निवांत वेळ काढून वाचा. पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगा, नुसता अंगठा टाकून पुढे जाऊ नका.

मुद्दा सरळ आहे. सेवा म्हणून परक्या देशात जायचं, तिथल्या मुलांच्या हातात छापील चित्रं द्यायची, ती रंगवून घ्यायची, मुलांना कवेत घेऊन फोटो काढायचे आणि परत येऊन सांगायचं की आम्ही गरीब मुलांना चित्रकला शिकवली. हा प्रकार बंद झाला पाहिजे. यात कला नाही, शिकवणं नाही, आणि मुलांचा फायदा तर अजिबात नाही.

हे गोऱ्या लोकांबद्दल चाललंय असं समजू नका. आपली मुलंही आता यात आहेत. इंदूरची, बडोद्याची, बेळगावची मुलं अमेरिकेत, इंग्लंडात शिकतात. सुट्टीत कॉलेजच्या नाहीतर एखाद्या चर्चच्या गटाबरोबर दोन आठवडे केनिया, युगांडा, ग्वाटेमालाला जातात. फोटो घरच्या ग्रुपवर येतात. चाळीस मुलं एका ओळीत, प्रत्येकाच्या हातात तेच फुलपाखरू, फक्त रंग वेगळे. आणि आपण खाली लिहितो, "अभिमान वाटतो बाळा." कसला अभिमान? ते फुलपाखरू छापखान्यानं काढलेलं आहे.

मी हे का बोलते, ते थोडक्यात सांगते. इंदूरच्या एका शाळेत मी २८ वर्षं चित्रकला शिकवली. शाळा नन्सची. त्यांच्याच संस्थेची एक शाळा पश्चिम केनियात आहे, मिशनच्या आवारात. भागाचं नाव किसी. इंदूरकरांना हसू येईल, पण नाव खरंच तेच आहे. निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी विचारलं आणि मी गेले. २०१६ आणि २०१८ अशा दोन खेपांत मिळून नऊ महिने राहिले. तिकीट माझं, राहणं-जेवण त्यांचं, पगार नाही.

परत आल्यावर नातेवाइकांत दोन गोष्टी ऐकल्या. एक काका म्हणाले, "मिशनवाल्यांच्या नादी कशाला लागलात? चित्राच्या नावाखाली ते धर्म शिकवतात." एक वहिनी म्हणाल्या, "तिकडे लोकांच्या पोटाला नाही आणि तुम्ही चित्रं काय शिकवता?"

वहिनींचं आधी घेते, कारण ते सोपं आहे. किसीला गेलेलं माणूस असं म्हणणार नाही. डोंगरउतारावर केळी, मका, चहा, जिकडे बघाल तिकडे हिरवं. गरिबी आहे, शाळेची फी भरताना आईबापांची ओढाताण होते, पण टीव्हीवर दाखवतात तसला तो देश नाही. आणि आधी पोट, मग चित्र, ही अट आपण तरी कधी पाळली? आपल्या आज्या-पणज्या रोज सकाळी दारात रांगोळी काढायच्या, त्या काय धान्याची कोठारं भरून झाल्यावर काढायच्या?

काकांचं म्हणणं तेवढं सोपं नाही. मिशन ही मिशनच असते. धर्म पोचवणं हा तिचा हेतू आहे आणि तिथल्या सिस्टर तो लपवत नव्हत्या. सकाळी प्रार्थना व्हायची, मी मागच्या बाकावर बसायचे. मला कोणी काही म्हणायला लावलं नाही. नाताळच्या आधी मुलांकडून गोठ्यातल्या जन्माची चित्रं काढून घेणं माझ्या कामात होतं आणि मी ते केलं. ज्याला हे मुळातच पटत नाही त्यानं जाऊ नये, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण काका, तुम्ही ज्या बळजबरीला घाबरता ती मला प्रार्थनेत कमी दिसली. ती दिसली वर्गातल्या कपाटात.

ते कपाट सांगते. लोखंडी, तीन खणांचं. आत रंगवायच्या चित्रांच्या वह्या आणि झेरॉक्सचे गठ्ठे, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या गटांनी सोडून गेलेले. बर्फाचा माणूस, डोक्यावर टोपी, नाकाला गाजर. धुराडं असलेलं घर, दारात सफरचंदाचं झाड. सांताक्लॉज. मेंढ्यांबरोबर येशू, पिंगट केसांचा, गोरापान. किसी विषुववृत्ताला लागून आहे. बर्फाचा माणूस तिथं कोणी पाहिलेला नाही. घरांवर पत्रे असतात, त्यांना ते माबाती म्हणतात. धुराडं कशाला? स्वयंपाकघराची खोली वेगळी, धूर छपराखालच्या फटीतून जातो. सफरचंदाच्या जागी केळी.

गट यायचे ते दहा-पंधरा दिवसांसाठी. मनानं चांगली माणसं, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना वेळ कमी, मुलांची भाषा येत नाही, आणि जाताना काहीतरी 'झालेलं' दिसायला हवं. छापील चित्र याला फार सोयीचं. वाटायला दोन मिनिटं, रंगवायला अर्धा तास, भिंतीवर लावून फोटो काढायला पाच मिनिटं. प्रत्येक मुलाचं चित्र पूर्ण, कोणाचं फसलेलं नाही, कोणी रडत नाही. सगळे खूष. फक्त शिकलं कोणीच नाही.

आता याचा मुलांवर काय परिणाम होतो तो ऐका, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

पाचवीच्या वयाच्या मुलांचा माझा वर्ग होता, पन्नासच्या वर मुलं. पहिल्याच आठवड्यात मी कोरे कागद दिले आणि म्हटलं, तुमचं घर काढा. माझी स्वाहिली मोडकीतोडकी, पण 'न्युंबा' म्हणजे घर आणि 'चोरा' म्हणजे काढ, एवढं येत होतं. निम्म्याहून जास्त मुलांनी धुराड्याचं घर काढलं. दारात सफरचंदाचं झाड. खिडकी बाहेर मोजून दोन हातांवर केळीची बाग, आणि कागदावर सफरचंद!

एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, फारशी न बोलणारी. तिनंही तेच काढलं होतं. शाळेतल्या एका शिक्षिकेला दुभाषी करून मी तिला विचारलं, तुझ्या घराला धुराडं आहे? नाही. सफरचंदाचं झाड? नाही. मग काय आहे? ती एकेक सांगायला लागली. पत्र्याला पन्हळ आहे, पन्हळीखाली पाण्याचं निळं पिंप आहे. गाय आहे, ती शेजाऱ्याशी वाटून आहे. आणि केळीखाली आजी आहे. म्हणजे आजीची माती. तिथे माणसाला आपल्याच शेतात, घराजवळ पुरतात. मी म्हटलं, हे का नाही काढलंस? ती म्हणाली, "म्वालिमू, ते चित्रातलं घर नाही." म्वालिमू म्हणजे गुरुजी, बाई. चित्रातलं घर वेगळं आणि आपलं घर वेगळं, आणि आपलं घर चित्रात यायच्या लायकीचं नाही, हे त्या पोरीला कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं. कपाटातल्या गठ्ठ्यांनी सांगितलं होतं.

बळजबरी म्हणतात ती याला. प्रार्थना मुलाला कळते, की ही प्रार्थना आहे, मोठी माणसं म्हणायला लावतात, म्हणायची. छापील चित्राचं तसं नाही. ते भेट म्हणून येतं, रंगखडूच्या खोक्यासकट येतं, हसत हसत येतं. आणि मुलाच्या डोळ्यांत दुसऱ्याचं घर बसवून जातं.

मग मी काय केलं, तर ते कपाट बंद ठेवलं. सिस्टरांशी आधी बोलून. त्यांनी विचारलं, मग सामान कुठून आणणार? सामान दारात होतं. चुलीतला कोळसा, तिथल्या भाषेत माकाआ. तांबडी माती, पाण्यात कालवून गाळून घेतली की सुरेख विटकरी रंग. किसीच्या जवळ ताबाका नावाचं गाव आहे, तिथला संगजिऱ्याचा मऊ दगड जगभर प्रसिद्ध आहे. त्याच्या बश्या, प्राणी, मूर्ती कोरून विकतात. कोरताना पडलेला पांढरा भुगा कारागीर फुकट देत. आपल्याला रांगोळीची सवय, मला तर तो माहेरचाच वाटला. कागदासाठी मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पिशव्या, उसवून सपाट केलेल्या.

पिठाच्या पिशव्यांची कल्पना माझ्या डोक्यातली नव्हती. रोझमेरी कारुगा नावाच्या केनियन चित्रकर्ती होत्या, जन्म १९२८. मोठं शिक्षण घेऊन पुढे वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर साबणाच्या वेष्टनांचे आणि पिठाच्या पिशव्यांचे तुकडे चिकटवून कोंबड्या, बायका, शेतं अशी चित्रं केली की ती परदेशातल्या प्रदर्शनांत लागली. रंग परवडत नव्हते म्हणून कागदाचे तुकडे घेतले. त्यांच्या देशातल्या मुलांना आपण गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस रंगवायला शिकवणार? लाज वाटायला पाहिजे.

कोणी म्हणेल, मिशनमध्ये हे असंच चालायचं. तेही खरं नाही, आणि इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. मिशन म्हटलं की सगळं वाईट म्हणणाऱ्यांशी, आणि मिशन म्हटलं की सगळी सेवा म्हणणाऱ्यांशीही. आफ्रिकेत कित्येक मिशनऱ्यांनी तिथल्या कोरीव मूर्तींना सैतानाचं काम ठरवलं, हा इतिहास आहे. पण त्याच मिशनांच्या जगात काही माणसं अशी निघाली की त्यांच्यापुढे आजचे आपले सेवेकरी शाळकरी पोरं वाटतील.

मार्गारेट ट्रोवेल नावाच्या एक इंग्रज बाई. श्रद्धाळू ख्रिस्ती. डॉक्टर नवऱ्याबरोबर आधी केनियात आणि मग युगांडात आल्या. कंपालाला आपल्या घराच्या व्हरांड्यात त्यांनी चित्रांचा वर्ग सुरू केला आणि १९३७ पासून मकेरेरे इथे कलाशिक्षणाचा पाया घातला. पूर्व आफ्रिकेतली ती पहिली मोठी कलाशाळा. त्यांची पद्धत अशी, की मुलांपुढे युरोपातलं चित्र नक्कल करायला ठेवायचं नाही. शब्दांत एखादा प्रसंग सांगायचा, मुलांनी तो मनात बघायचा आणि मग काढायचा. ही रीत त्या लंडनला मॅरियन रिचर्डसन यांच्याकडून शिकल्या होत्या. बघा, साहेबाच्या देशातूनही शिकण्यासारखं येऊ शकतं. येणाऱ्याला काय आणायचं ते कळलं पाहिजे. बाईंनी चित्रं आणली नाहीत, चित्र बघायची रीत आणली.

दुसरं उदाहरण आजच्या झिंबाब्वेचं. बुलावायोजवळ सायरीन नावाची मिशनशाळा. एडवर्ड पॅटरसन या पाद्र्यानं १९४० च्या सुमारास सुरू केली. तिथे प्रत्येक मुलाला चित्रकला घ्यावीच लागे, हुशार असो की नसो. शाळेच्या चॅपलच्या भिंती मुलांनी रंगवल्या. बायबलच्या गोष्टी, पण माणसं काळी आणि झाडं-डोंगर तिथलेच. १९४९ मध्ये त्या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लंडनमध्ये भरलं.

आणि तिसरे एलिमो न्जाऊ. ट्रोवेल बाईंच्याच मकेरेरेत शिकलेले, जन्मानं टांगानिकाचे. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी केनियात मुरांगा इथल्या चर्चमध्ये भिंतीवर पाच मोठी चित्रं काढली. येशूचा जन्म, बाप्तिस्मा, शेवटचं भोजन, बागेतली रात्र आणि क्रूस. सगळं केनियाच्या डोंगरांत, केनियाच्या माणसांत. पुढे १९६५ मध्ये नैरोबीत त्यांनी कलाकेंद्र काढलं, त्याचं नाव पा या पा. नक्कल केली की देव झोपी जातो, अशा अर्थाचं त्यांचं ब्रीद आहे. मी पाटीसारखं ते माझ्या वर्गाच्या डोक्यावर लावलं असतं. धार्मिक माणसाचं वाक्य आहे, आणि मुलाच्या हाताच्या बाजूनं इतकं कडक वाक्य कोणा नास्तिकानंही लिहिलेलं मला माहीत नाही.

म्हणजे काय, की ज्यांना मुलांमधलं बघायचं होतं, त्यांनी मिशनच्या भिंतीतही बघितलं. ज्यांना फोटोच काढायचे आहेत ते कुठेही जाऊन छापील फुलपाखरूच वाटणार.

आमच्या नाताळच्या चित्रांचं सांगते. प्रसंग शब्दांत सांगितला, तोही शिक्षिकेनं त्यांच्या भाषेत. आई आहे, बाळ आहे, गोठा आहे, लांबून तीन मोठी माणसं भेटी घेऊन आलीत. एवढंच. बाळ बहुतेक सगळ्यांनी आईच्या पाठीला कापडात बांधलेलं काढलं, कारण तिथे बाळ तसंच असतं. गोठ्यात शेजाऱ्याशी वाटून घेतलेली गाय आली. आणि एका मुलानं तीन राजे बोडाबोडावरून आणले. बोडाबोडा म्हणजे भाड्यानं बसवून नेणारी मोटरसायकल. एका मोटरसायकलवर तिघे, पुढे चालवणारा वेगळा. एक गृहस्थ जरा नाराज झाले, हे पवित्र वाटत नाही म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, राजे आले ना, मग झालं. आणि ते चित्र चर्चच्या दाराजवळ लावलं. त्या बाईंबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

गोव्याच्या मंडळींना हे ऐकून आपला माणूस आठवला असेल. आंजेलो द फोन्सेका. १९०२ मध्ये सांत इस्तेव्ह, म्हणजे जुवें बेटावर जन्मलेला ख्रिस्ती चित्रकार. शांतिनिकेतनात शिकला आणि परत येऊन त्यानं मरियम काढली ती साडी नेसलेली. त्याला विरोध कोणी केला? गोव्यातल्याच लोकांनी. साडीतली मरियम म्हणजे देवाचा अपमान वाटला त्यांना, कारण 'चित्रातली मरियम' युरोपची असते हे डोळ्यांत पक्कं बसलेलं. शेवटी तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला आणि तिथेच आयुष्यभर चित्रं काढत राहिला. किसीच्या त्या मुलीचं वाक्य आणि गोव्याच्या त्या लोकांचा राग, दोन्हीचं मूळ एकच आहे. चित्रातलं घर आपलं नसतं, चित्रातली आई आपली नसते.

आता मला सांगितले जाणारे आक्षेप घेते.

"रंगवून हाताला वळण लागतं." रेषेच्या आत रंग भरायचं वळण लागतं, हे मान्य. पण ते वळण कोळशानं गाईची शिंगं काढतानाही लागतं, आणि रेषही स्वतःची असते. वळणासाठी दुसऱ्याची रेष कशाला लागते?

"मुलांना आवडतं." मुलांना गोळ्या-चॉकलेटंही आवडतात, म्हणून आपण त्याला जेवण म्हणतो का? नव्या खडूचं खोकं मिळालं की कुठलंही मूल खूष होणार. तोच आनंद कोऱ्या कागदानंही होतो, फक्त पहिली दहा मिनिटं मूल गोंधळतं. मोठ्या माणसाला ती दहा मिनिटं सोसवत नाहीत. खरी गोम तिथे आहे.

"दोन आठवड्यांत याहून जास्त काय करणार?" मग दोन आठवड्यांत चित्रकला शिकवायला जाऊ नका. विहिरीचा पंप दुरुस्त करता येत असेल तर तो करा, कपाटं लावा, नाहीतर तिथल्या शिक्षकांना कागद आणि रंग घ्यायला पैसे द्या आणि घरी बसा. तिथे शिक्षक आहेत. त्यांना कमी पडतो तो वेळ आणि सामान, अक्कल नाही. मी होते तेव्हा शेवटच्या परीक्षेत चित्रकलेला गुण नव्हते, त्यामुळे वर्षाअखेर हा तास गणिताला जायचा. ही अडचण तुमच्या फुलपाखरानं सुटत नाही.

"तुम्हीसुद्धा बाहेरूनच गेलात." गेले. म्हणूनच सांगते की बाहेरच्या माणसानं दोन नियम पाळावेत. मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही, 'असं काढ' म्हणून दोन रेषासुद्धा ओढायच्या नाहीत. आणि परत येताना मुलांची चित्रं उचलून आणायची नाहीत. ती त्यांची आहेत, त्यांच्या घराच्या भिंतीवर जाऊ द्या. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो तर त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. आपल्या नातवाचा फोटो कोणी परका माणूस 'गरीब मूल' म्हणून जगाला दाखवत फिरला तर चालेल का आपल्याला?

आता आपल्या अंगणात या, कारण भांडण तिथपर्यंत नेलं नाही तर हे सगळं नुसतं परक्यांवर बोट दाखवणं होईल.

आपल्या मुलांना सांगा, निसर्गचित्र काढ. काय येतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. बेळगाव, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर, कुठेही जा, हेच चित्र. इंदूरच्या कुठल्या गल्लीतून दोन डोंगरांमधला सूर्य दिसतो, सांगा मला. माळव्याच्या पठारावर नारळ कुठून आला? आपल्या पोरांना रोज दिसतात कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, सराफ्यात रात्री लागणाऱ्या खाण्याच्या गाड्या, सकाळी पोह्यांच्या कढईतून निघणारी वाफ. चित्रात यातलं काही येत नाही. आपलीही मुलं मनात हेच म्हणतात, ते चित्रातलं घर नाही.

आणि आपण काय करतो? गणेशोत्सवात मंडळाची चित्रकला स्पर्धा ठेवतो आणि मुलांना छापील गणपती वाटतो. आई मागे उभी, "सोंडेला पिवळा दे, मुकुटाला सोनेरी दे." रेषेबाहेर गेलं की चापटी. वर बक्षीस कोणाला, तर ज्याचं सगळ्यांत स्वच्छ रंगलंय त्याला. क्लासमध्ये स्मरणचित्राचे ठरावीक चार विषय पाठ करून घेतात, बाजार, बसस्टॉप, बाग, सण, माणसांच्या जागांसकट. स्मरणचित्र म्हणे! स्मरण कोणाचं, मुलाचं की क्लासच्या सरांचं?

हे ज्या इंदूरमध्ये चालतं त्या इंदूरचा वारसा काय आहे ते विसरू नका. दत्तात्रय देवळालीकरांनी इथे १९२७ मध्ये चित्रशाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे १९१० मध्ये याच गावात जन्मले, त्यांच्या हाताखाली तयार झाले. हुसेनही तिथलेच. हे लोक बाहेर पडून, समोर दिसतं ते बघून चित्रं काढायचे. बेंद्रे पुढे बडोद्याच्या कलाविद्याशाखेत शिकवायला गेले आणि बडोद्याचं नाव झालं. आपल्या दोन गावांना जोडणारा हा धागा आहे, आणि आपण त्यांच्या गावात झेरॉक्सचे गणपती वाटतो.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला देवीप्रसाद यांनी १९४४ पासून जवळजवळ अठरा वर्षं नयी तालीमच्या मुलांना कला शिकवली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून आल्या, १९४५ मध्ये बोर्डीला केंद्र काढलं, मग अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. खेळायला-शिकायला काय, तर शंख-शिंपले, बिया, दगड, तिथलंच सगळं. परक्या अंगणात शिकवायला कसं जायचं, हे आपल्या ताराबाईंनी केव्हाच करून दाखवलंय. त्यासाठी आफ्रिकेपर्यंत जायचीही गरज नव्हती.

तेव्हा माझं मागणं असं. तुमच्या घरचं कोणी परदेशात, मिशनबरोबर असो की दुसऱ्या कुठल्या संस्थेबरोबर, मुलांना चित्रकला 'शिकवायला' निघालं असेल, तर सामानाची बॅग उघडून बघा. आत छापील चित्रांचे गठ्ठे असतील तर काढून ठेवा. कोरे कागद द्या, पेन्सिली द्या, आणि तिथल्या भाषेतले पन्नास शब्द पाठ करून जा म्हणावं. घर, आई, गाय, पाऊस, काढ, छान. आणि हे करायची तयारी नसेल तर तिकिटाचे पैसे तिथल्या शाळेला पाठवा म्हणावं, त्याचा उपयोग जास्त होईल. अभिमान वाटतो असं लिहायच्या आधी एवढं विचारा, चित्र कोणी काढलं?

आणि यंदाच्या गणेशोत्सवात इंदूरच्या आपल्या मंडळानं स्पर्धा ठेवली तर छापील गणपती नको. कोरा कागद द्या आणि विषय द्या, 'आमच्याकडे गणपती येतात तेव्हा'. आईबाबांना शेजारच्या खोलीत चहा द्या आणि दार लावून घ्या. कोणाचा गणपती ऑटोत येईल, कोणाच्या घरी जागेवरून भांडण चालू असेल, कोणाचा उंदीर गणपतीपेक्षा मोठा निघेल. येऊ द्या. कागद मी देते, शंभर मुलांना पुरतील एवढे, आणि परीक्षक म्हणून बोलावलंत तर येईनही. स्वच्छतेला मात्र एकही गुण देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.